हद्दीवरचा भोपळा

वादळाला एका बाईचं नाव दिलं होतं.
मी ते घेत नाही. नाव घेतलं की आलीच समजा,
असं माझी मावशी म्हणायची, तीही पाहुण्यांबद्दल.

सकाळी दार उघडलं, म्हणजे दार नव्हतंच,
चौकट ओलांडली
तर समुद्र दिसला.
चाळीस वर्षांत या घरातून कधी समुद्र दिसला नव्हता.
मध्ये नीरफणस होता, कोको, जायफळाची दोन झाडं,
आणि पलीकडे थिओफिलचे आंबे.
आता नुसतं पाणी. निळं, साळसूद,
रात्री घराबाहेर पडलंच नव्हतं जणू.

डोंगरावर पान नाही.
आग न लागता जळालेला.

मी मोजायला बसले. दुसरं काय करणार?
केळी सत्तर, सगळ्या एकाच दिशेला डोकी करून आडव्या.
मामफळ मुळासकट.
तूर होती, असं म्हणायचं.
नीरफणस कमरेत मोडलेला.
आणि जे माझं नव्हतं ते:
पत्र्याचे सात तुकडे, शाळेचा एक बाक,
कुणाच्या तरी फ्रीजचं दार,
त्याच्या कप्प्यात दोन अंडी, शाबूत.
उकडून खाल्ली.
मालक आला तर सांगेन.

मातीत हात घातला तेव्हा कळलं,
वादळाला खणता येत नाही.
रताळी होती, अळकुड्या होत्या,
मांडीएवढं कोनफळ
गाढ झोपलेलं, कशाचाच पत्ता नसलेलं.
सहा आठवडे आम्ही जमिनीखालचं खाल्लं,
आणि रोझोहून ट्रकमधून आलेला तांदूळ,
आणि डब्यातले मासे.
बेटावर राहून डब्यातले मासे!

फूल कुठेच नव्हतं.
एक हमिंगबर्ड माझ्या लाल टॉवेलला
चोच लावून बघत होता, पुन्हा पुन्हा.
मला बघवेना.
बशीत साखरपाणी ठेवलं,
स्वतःचा चहा बिनसाखरेचा प्यायले.

लुसेटचा फोन ग्वाडलूपहून:
आई, आता तरी ये. तिथे काय उरलंय?
मी म्हटलं, बघते.

सगळ्यांत आधी पालवी फुटली
ती हद्दीवरच्या लाल ड्रॅसिनाला.
त्याच रांगेवरून थिओफिल आणि मी
एकवीस वर्षं बोलत नाही.
तो म्हणतो, मी ती दोन हात सरकवली.
(एक हात. तोही उतार धुपला म्हणून.)
कुंपण गेलं, त्याचं छप्पर गेलं, माझं दार गेलं,
ही रांग मात्र जागच्या जागी,
साक्षीला उभी.

मग एक वेल आला.
मी लावलेला नव्हे. त्याच्या परसातला भोपळा
त्या रात्री येऊन माझ्या फरशीवर फुटला असणार.
माझ्या अळवातून, पडलेल्या खोडांवरून,
आला तो थेट रांगेपर्यंत, आणि रांग ओलांडून पलीकडे.
त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

फुलं आली, पण धरेनात.
छोटे भोपळे पिवळे पडून गळायचे.
मधमाश्या कुठे होत्या?
म्हणून मी पहाटे उठते,
नर फुलाच्या पाकळ्या सोलते
आणि त्याचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवते.
बासष्ट वर्षांची बाई, गाऊनमध्ये, गुडघ्यांवर,
लोकांच्या भोपळ्याचं लग्न लावते आहे.

काल मान वर केली तर पलीकडे थिओफिल,
डोक्याला बँडेज, हातात कोयता.
किती वेळ उभा होता कोण जाणे.
"ते बी माझं आहे," तो म्हणाला.
एकवीस वर्षांनी हे पहिलं वाक्य.

नीरफणसाचं अजून सांगता येत नाही.
पत्रा जिथे मुळात घुसला होता
तिथून दोन कोंब आलेत, बोटाएवढे.
फळ धरायला पाच वर्षं, कदाचित सहा.
मी तेवढी आहे का, हिशेब केला नाही.

थिओफिलला म्हटलं,
"तुझं आहे ना? मग तुझ्या बाजूची फुलं तू बघ.
ऊन चढायच्या आत. नंतर मिटतात."

कोयता खाली ठेवला त्याने.
कोणतं नर, ते मात्र त्याला मीच दाखवलं.